हॅव्ह, हाबेन : जर्मानिक भाषांतील स्वामित्ववाचक क्रियापद

‘जवळ असणे’, ‘बाळगणे’, ‘मालकीचे असणे’ हा अर्थ व्यक्त करणारे जर्मानिक भाषासमूहातील सर्वांत प्रचलित क्रियापद. इंग्रजी हॅव्ह, जर्मन हाबेन, डच हेबेन, स्वीडिश व नॉर्वेजियन हा, आइसलँडिक हावा ही त्याची आजची रूपे होत. जुन्या लिखित अवस्थांत गॉथिक हबन, प्राचीन इंग्रजी हब्बन, प्राचीन उच्च जर्मन हबेन, प्राचीन सॅक्सन हेब्यन, प्राचीन नॉर्स हवा अशी रूपे सापडतात. ही सर्व एकाच मूळ जर्मानिक क्रियापदापासून निघाली, याविषयी दुमत नाही. ते मूळ रूप कोठून आले हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. शब्दांच्या बाह्य साम्यावर विश्वास ठेवणे किती धोक्याचे असते, हे दाखवण्यासाठी भाषाशास्त्राच्या अध्यापनात या क्रियापदाचा वारंवार उपयोग केला जातो.

लॅटिन भाषेत ‘जवळ असणे’ या अर्थी हाबेरे असे क्रियापद आहे. जर्मन हाबेन आणि लॅटिन हाबेरे यांचा अर्थ एक, आद्य व्यंजन एक, मधले व्यंजन एक, स्वरही जवळजवळ एक. दोन्ही भाषा इंडो-यूरोपियन कुटुंबातील आहेत आणि त्या बोलणारे लोक शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहिले. तेव्हा हे दोन शब्द सख्खे भाऊ असले पाहिजेत, किंवा एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलेला असला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. तौलनिक व्याकरणाची पद्धती रूढ होण्यापूर्वी विद्वानांनाही तसेच वाटत असे. वस्तुतः हे दोन शब्द परस्परांचे कोणीही नाहीत. हाबेनचा खरा लॅटिन नातेवाईक ‘पकडणे, घेणे’ या अर्थाचा कापेरे हा शब्द आहे आणि हाबेरेची जर्मानिक नातलग म्हणून ‘देणे’ या अर्थाच्या गिव्ह, गेबेन या क्रियापदांकडे बोट दाखवले जाते. एकसारखे दिसणारे शब्द परके ठरतात आणि अजिबात न जुळणारे सगोत्र निघतात. हा निर्णय लहरीने दिलेला नाही. त्यामागील पुरावा ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत आहे.

ध्वनिविचार : डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क (१७८७–१८३२) याने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात आणि जर्मन पंडित याकोप ग्रिम (१७८५–१८६३) याने आपल्या जर्मन व्याकरणाच्या १८२२ च्या आवृत्तीत असे दाखवून दिले, की इंडो-यूरोपियन कुटुंबातील अन्य भाषांच्या स्पर्श व्यंजनांऐवजी जर्मानिक भाषांत ठरावीक वेगळी व्यंजने आढळतात. मूळच्या प्, त्, क् या अघोष स्पर्शांच्या जागी तेथे फ्, थ् (घर्षक) आणि ह् येतात. संस्कृत पाद, लॅटिन पेस (षष्ठी पेदिस), पण गॉथिक फोतुस, इंग्रजी फुट. संस्कृत त्रयः, लॅटिन त्रेस, पण इंग्रजी थ्री. लॅटिन कोर्नु, पण इंग्रजी हॉर्न, म्हणजे शिंग. लॅटिन केन्तुम (आणि त्याचा संस्कृत प्रतिनिधी शत), पण गॉथिक व प्राचीन इंग्रजी हुन्द, ज्यापासून आजचा हंड्रेड शब्द बनला. याचा अर्थ असा, की एखाद्या जर्मानिक शब्दाच्या आरंभी ह् असेल, तर त्याच्या लॅटिन प्रतिनिधीच्या आरंभी क् असला पाहिजे. ह् असून चालणार नाही. हाबेन आणि हाबेरे यांच्यातील आद्य ह् चे साम्य हाच त्यांच्या नात्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरतो.

लॅटिनमधील आद्य ह् सामान्यतः मूळच्या घ् पासून आलेला असतो आणि त्याच्या जागी जर्मानिकमध्ये ग् मिळतो. लॅटिन होस्तिस (‘परका’, पुढे ‘शत्रू’) याचा जर्मानिक भाऊ गॉथिक गस्त्स, म्हणजे पाहुणा. इंग्रजी गेस्ट व जर्मन गास्ट हे शब्द त्याच वंशातले आहेत. लॅटिन होर्तुस (बाग) याच्याशी गॉथिक गर्द्स (घर, आवार) जुळतो. मराठी वाचकाच्या परिचयाचा हंस हा शब्दही येथे साक्षीला घेता येईल : जर्मनमध्ये तो गान्स असा आहे. या हिशेबाने हाबेरेचा जर्मानिक नातलग ग् ने सुरू होणारा असायला हवा.

मधल्या ब् चीही हीच गत आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्यभागी येणारा ब् पुष्कळदा मूळच्या भ् चा प्रतिनिधी असतो. संस्कृत नभस्, लॅटिन नेबुला, जर्मन नेबेल (धुके) ही मालिका प्रसिद्ध आहे. हाबेरेतील ब् असाच भ् पासून निघाला, हे लॅटिनची इटलीतील भगिनीभाषा ऑस्कन हिच्यावरून ठरते. ऑस्कनमध्ये अशा जागी फ् राहतो आणि तेथे ‘त्याच्याजवळ असेल’ या अर्थाचे हाफिएस्त हे रूप कोरीव लेखात मिळाले आहे. म्हणून हाबेरेचा धातू *घभ्- असा मानतात. (पूर्वचिन्ह असलेली रूपे प्रत्यक्ष सापडलेली नसून तुलनेने सिद्ध केलेली आहेत.) आयरिश भाषेच्या जुन्या अवस्थेतील गबिद् ‘तो घेतो, पकडतो’ हे क्रियापद याच धातूचे होय. संस्कृतातील गभस्ति शब्दाचा ‘हात’ हा वैदिक अर्थ लक्षात घेऊन काही अभ्यासकांनी तोही येथेच जोडला आहे.

जर्मानिक क्रियापदातील ब् भ् पासून आलेला नाही, तो प् पासून आला आहे, हे सिद्ध करणे अधिक अवघड होते. ग्रिमच्या नियमाप्रमाणे प् चा फ् व्हावयास हवा. मग गॉथिक हबन, जर्मन हाबेन यांत ब् कसा? असे अपवाद पुष्कळ होते आणि ग्रिमच्या नियमाला ते अर्धशतकभर डाचत राहिले. त्यांची उपपत्ती डॅनिश पंडित कार्ल व्हेर्नर (१८४६–९६) याने १८७५ मध्ये लावली, आणि ती लावताना त्याला संस्कृतचा, विशेषतः वैदिक संस्कृतच्या स्वरांचा, म्हणजे उदात्ताचा, आधार घ्यावा लागला. ज्या शब्दात आघात त्या व्यंजनाच्या लगेच आधीच्या अवयवावर नव्हता, तेथे नव्याने निर्माण झालेला अघोष घर्षक घोष झाला, हा त्याचा नियम. वैदिक भाषेत भ्रातृ शब्दाचा उदात्त पहिल्या अवयवावर आहे. गॉथिकमध्ये ब्रोथर असे रूप मिळते. पितृ शब्दाचा उदात्त अंत्य अवयवावर आहे. गॉथिकमध्ये फदर, म्हणजे थ् ऐवजी द् मिळतो. मूळ आघात जर्मानिक भाषांतून नंतर नाहीसा झाला, सर्व शब्दांचा आघात पहिल्या अवयवावर स्थिर झाला; पण त्याने उमटवलेला ठसा व्यंजनांवर राहून गेला. ऋग्वेदाच्या पठणपरंपरेने सांभाळलेला उदात्त हा जर्मन व्यंजनांच्या कोड्याची किल्ली ठरावा, ही एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्राची एक अत्यंत समाधानकारक घटना होती.

हाबेनच्या ब् ला याहून जवळचा साक्षीदार सप्त या संख्यावाचकात आहे. वैदिक सप्त शब्दाचा उदात्त अंत्य अवयवावर आहे. लॅटिन सेप्तेममध्ये प् कायम आहे आणि गॉथिक सिबुन, जर्मन झीबेन यांत त्याचा ब् झाला आहे. उलट नपात् (वंशज, नातू) या शब्दाचा उदात्त आरंभी असल्यामुळे लॅटिन नेपोसमधील प् च्या जागी प्राचीन उच्च जर्मनमध्ये नेफो, म्हणजे फ्, मिळतो. हबनमधील ब् सिबुनमधील ब् सारखा आहे असे मानले, की मूळ धातू *कप्- असा मिळतो. आणि हा धातू लॅटिनमध्ये कापिओ ‘मी पकडतो’ या रूपात, अर्थासकट, वाट पाहत उभा आहे.

या तर्काला जर्मानिक भाषांतच आणखी एक आधार मिळतो. ‘उचलणे’ या अर्थाचे गॉथिक हफ्यन हे क्रियापद घडणीने लॅटिन कापिओशी तंतोतंत जुळते. त्यात फ् आहे. प्राचीन इंग्रजीतील हेब्बन (आजचे हीव्ह) आणि जर्मन हेबेन या त्याच्याच प्रतिनिधींत ब् आहे. एकाच क्रियापदाच्या रूपांत फ् आणि ब् यांचा हा लपंडाव मूळच्या प् शिवाय समजत नाही. जर्मन हाफ्ट (अटक, कैद), इंग्रजी हाफ्ट (हत्याराची मूठ) हे शब्दही याच धातूपासून निघालेले असून त्यांत पुढे त् आल्यामुळे फ् टिकून राहिला. लॅटिन काप्तुस ‘पकडलेला’ हा शब्द जर्मनमधील -हाफ्ट या प्रत्ययाचा सरळ भाऊ होय. इंग्रजी हेवी, म्हणजे जड, हाही याच घराण्यातील आहे. आणि हॉक, म्हणजे ससाणा, हा ‘झडप घालून पकडणारा’ असावा, असे बहुतेकांचे मत आहे. ग्रीकमधील कोपे (वल्ह्याची वा तलवारीची मूठ) येथेच येतो.

लॅटिनकडून उसनवारी झाली असावी, ही शंकाही टिकत नाही. लॅटिनमधील ह् चा उच्चार इसवी सनाच्या आरंभीच दुर्बळ झाला होता आणि लोकभाषेतून तो पार नाहीसा झाला. इटालियन आव्हेरे व फ्रेंच आव्ह्वार यांत त्याचा मागमूस नाही. शिवाय भाषा वस्तूंची नावे सहज उसनी घेतात. स्वतःचा संपूर्ण गण आणि जुने रूपवैचित्र्य असलेले, स्कँडिनेव्हियापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या सर्व जर्मानिक भाषांत सारखे पसरलेले इतके मूलभूत क्रियापद उसने घेतले जाणे जवळजवळ अशक्य आहे.

तरीही दोन्ही शब्दांतील साम्य सर्वस्वी योगायोगाचे आहे, असे म्हणणे थोडे उतावीळपणाचे होईल. धातू वेगळे असले, तरी प्रत्यय बहुधा एकच आहे. प्राचीन उच्च जर्मन हबेनमधील ए आणि लॅटिन हाबेरेमधील ए हे एखाद्या अवस्थेत असणे दाखवणाऱ्या जुन्या इंडो-यूरोपियन घटकाचे प्रतिनिधी मानले जातात. ‘पकडणे’ ही क्षणिक क्रिया आहे. ‘पकडून असणे’ ही अवस्था आहे. मालकीचा अर्थ या दुसऱ्या पायरीवर जन्माला येतो. दोन भिन्न धातूंना हाच प्रत्यय लागून दोन शेजारी भाषांत एकाच अर्थाचे, आणि ध्वनींच्या परिवर्तनानंतर एकाच तोंडवळ्याचे, शब्द तयार झाले. निव्वळ योगायोगाची उदाहरणे हवी असतील, तर ती अन्यत्र आहेत. फार्सी बद (आपल्या ‘बदनाम’मधला) आणि इंग्रजी बॅड यांचा परस्परसंबंध नाही, लॅटिन देउस हा संस्कृत देव याचा नातलग आहे, पण ग्रीक थेऑस त्यांच्यापैकी कोणाचाही नाही.

देणे आणि घेणे : हाबेरेचा जर्मानिक नातलग गिव्ह असावा, या मतात एक अडचण आहे. गॉथिक गिबन, जर्मन गेबेन यांतील स्वर मुळात ए असला पाहिजे आणि लॅटिन धातूतील स्वर आ आहे. हा फरक नियमाने सुटत नाही. जर्मानिकमध्ये हे क्रियापद अन्य क्रियापदांच्या स्वरपालटाच्या साच्यात नंतर बसवले गेले असावे, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. हाबेन–कापेरे ही जोडी जितकी पक्की, तितकी गेबेन–हाबेरे ही नाही, हे नमूद केले पाहिजे. अर्थाची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. आयरिशमध्ये ‘घेणे’, लॅटिनमध्ये ‘जवळ असणे’ आणि जर्मानिकमध्ये ‘देणे’ असा एकाच धातूचा अर्थविस्तार चमत्कारिक वाटतो. परंतु ‘देणे’ या अर्थाच्या संस्कृत दा- धातूला आ- हा उपसर्ग लागताच आदान म्हणजे घेणे होते, आणि हिटाइट भाषेत याच कुळातील दा- या क्रियापदाचा अर्थ ‘घेणे’ असा आहे. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, या एकाच घटनेकडे कोणत्या टोकाकडून पाहायचे एवढाच प्रश्न असतो. इंग्रजी गिव्हमधील कठोर ग् ही आणखी एक गंमत आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या आरंभी य् सारखा उच्चार होता. आजचा ग् स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या प्रभावाने आला.

स्वामित्वाचे जुने क्रियापद : हबनच्या आधी मालकी दाखवण्यासाठी जर्मानिक भाषांत दुसरे एक क्रियापद होते. गॉथिक ऐह, प्राचीन इंग्रजी आगन, प्राचीन नॉर्स ऐगा ही त्याची रूपे. संस्कृत ईश् धातूशी (ईष्टे, ‘सत्ता चालवतो, स्वामी असतो’) त्याचे नाते निश्चित मानले जाते. म्हणजे ईश, ईश्वर या शब्दांचे जर्मानिक भाऊबंद स्वर्गात नसून इंग्रजी ओन (मालकीचे असणे) व जर्मन आयगेन (स्वतःचा) यांत आहेत. या क्रियापदाने मालकी हक्काच्या बाजूने दाखवली जाई, तर हबनने ती ताब्याच्या बाजूने. जमीन ‘आगन’ असे, तलवार ‘हब्बन’ असे. आइसलँडिकमध्ये हा भेद बराचसा अजून जिवंत आहे : मुले, घर, गुरे यांसाठी ऐगाचे आजचे रूप आणि तात्पुरत्या ताब्यासाठी किंवा गुणधर्मासाठी हावा. बाकी बहुतेक भाषांत हबनने जुन्या धन्याला हुसकावून लावले. इंग्रजीत आगनचे पुढे जे झाले, ते मनोरंजक आहे. ‘फेडायचे म्हणून जवळ असणे’ अशा प्रयोगातून ओ, म्हणजे ‘देणे लागणे’, हा अर्थ निघाला आणि त्याच्याच भूतकाळी रूपापासून ऑट, म्हणजे ‘करावयास हवे’, हे कर्तव्यवाचक रूप बनले. मालक असा ऋणको झाला. लॅटिनमध्येही अगदी हेच घडले आहे : दे (पासून) आणि हाबेरे यांच्या संयोगाने देबेरे, ‘दुसऱ्याचे जवळ ठेवलेले असणे’, म्हणून ‘देणे लागणे’. हिशेबाच्या वहीतील डेबिट आणि इंग्रजीतील ड्यूटी हे शब्द तेथून आले. कापेरेच्या घराण्यातून आलेली कॅप्सूल आणि कॅसेट (लॅटिन काप्सा, ‘वस्तू धरून ठेवणारी पेटी’) व हाबेरेच्या घराण्यातून आलेले हॅबिट, एबल हे शब्द इंग्रजी व फ्रेंचच्या मार्गाने जगभर पसरले आहेत.

अस् आणि हॅव्ह : ‘जवळ असणे’ या अर्थाचे सर्वसामान्य क्रियापद मूळ इंडो-यूरोपियन भाषेत नसावे, असे आंत्वान मेये (१८६६–१९३६) या फ्रेंच पंडिताने प्रतिपादिले. त्याचे मुख्य कारण असे, की ज्या ज्या शाखेत असे क्रियापद दिसते, तेथे ते वेगळ्याच धातूपासून आणि बहुधा ‘पकडणे’ वा ‘धरणे’ या अर्थापासून बनलेले असते. ग्रीक एखेइन हे संस्कृत सह् (‘जिंकणे, सोसणे’) या धातूचे भावंड आहे. स्लाव्हिक शाखेतील क्रियापद ‘घेणे’ या अर्थाच्या धातूपासून आले, जो लॅटिनमध्ये एमेरे, ‘विकत घेणे’, म्हणून आहे. लिथुएनियन तुरेती मुळात ‘धरणे’ होते, हिटाइट हर्क- हेही तसेच. मूळ भाषेत ‘असणे’ हे क्रियापद आणि मालकाची चतुर्थी वा षष्ठी यांनीच काम भागत असावे. लॅटिनमध्ये मिही एस्त, ‘मला आहे’, ही रचना हाबेरेच्या बरोबरीने चालू होती. रशियनमध्ये व आयरिशमध्ये ‘माझ्यापाशी आहे’ अशी रचनाच आजही मुख्य आहे. एमील बॅंव्हेनिस्त (१९०२–७६) याने १९६० च्या आपल्या लेखात हा विचार पुढे नेला आणि ‘हॅव्ह’ हे ‘असणे’चेच उलट बाजूने पाहिलेले रूप आहे, असे मांडले : एका रचनेत वस्तू कर्ता असते आणि मालक विभक्तीत, दुसरीत मालक कर्ता बनतो.

मराठी, अन्य भारतीय-आर्य भाषांप्रमाणे, जुन्याच वाटेने गेली आहे. मराठीत ‘हॅव्ह’ नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण त्याच्या एका क्षेत्राची तिने निरनिराळ्या विभक्तींत व शब्दयोगी अव्ययांत वाटणी केली आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘तिच्यात धमक आहे’, ‘या खोलीला दोन दारे आहेत’, ‘त्याला ताप आहे’ या सर्व ठिकाणी इंग्रजी बोलणारा एकच क्रियापद वापरील. भाऊ ‘माझ्याकडे’ असतील, तर ते पाहुणे म्हणून आलेले असतील. पैसे ‘मला’ असू शकत नाहीत. आइसलँडिकने दोन क्रियापदांनी जो भेद राखला, त्याहून सूक्ष्म भेद मराठी ‘असणे’ या एकाच क्रियापदाने राखते. द्राविड भाषांतही चतुर्थीची रचना असल्यामुळे या बाबतीत संपूर्ण उपखंडाचा कल सारखा आहे.

साहाय्यक क्रियापद : हबनच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे त्याचे भूतकालवाचक साहाय्यक बनणे. गॉथिक बायबलमध्ये (चौथे शतक, भाषांतरकार वुल्फिला) या प्रकारचा भूतकाळ नाही. तेथे हबन कधीकधी क्रियार्थक रूपाबरोबर येऊन भविष्यकाळाची छटा दाखवते, आणि लॅटिनच्या उत्तरकाळीही हाबेरेचा असाच उपयोग होऊन त्यातून फ्रेंच भविष्यकाळाचे प्रत्यय घडले. नव्या भूतकाळाचा उगम फुल्डा येथे सु. ८३० मध्ये झालेल्या, ताशियानच्या शुभवर्तमानसंकलनाच्या जर्मन भाषांतरात पाहावयास मिळतो. एका मनुष्याने आपल्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड लावले होते, या दृष्टांताच्या वाक्यात ‘झाड’, ‘जवळ होते’ आणि ‘लावलेले’ हे तीन घटक आहेत, आणि ‘लावलेले’ हे धातुसाधित अजून विशेषण असून ते झाडाच्या लिंग-वचन-विभक्तीशी जुळते. वाक्याचा शब्दशः अर्थ ‘त्याच्याजवळ लावलेले झाड होते’ असा होतो. मूळ लॅटिन वाक्याची रचनाही तशीच आहे. येथून पुढचे पाऊल लहान होते. ज्याच्याजवळ लावलेले झाड आहे, त्यानेच ते लावले असेल, असे ऐकणारा गृहीत धरतो. हळूहळू धातुसाधिताची कर्माशी असलेली जुळणी सुटते, ते क्रियापदाला चिकटते आणि ‘जवळ असणे’ हा अर्थ विरून जातो. मग ज्या क्रियेत हाती काहीच राहत नाही, तिथेही हॅव्ह वापरता येते : ‘हरवले’, ‘विसरलो’ हेही इंग्रजीत हॅव्हनेच सांगावे लागते. मराठीत ‘मी पत्र लिहून ठेवले आहे’ या वाक्यातील ‘ठेवणे’ प्रत्यक्ष ठेवण्यापासून किती दूर गेले आहे, याचा विचार केला, तर हा बदल सहज समजू शकेल.

भारतीय-इराणी भाषांनी हेच कार्य ‘असणे’च्या मार्गाने साधले. दऱ्यवुश राजाच्या बेहिस्तून येथील प्राचीन फार्सी लेखात ‘मी केले’ हे सांगण्यासाठी ‘माझे केलेले’ अशी षष्ठीची रचना आहे. संस्कृतात ‘मया कृतम्’ असे तृतीयेने सांगितले जाते. तिचीच वारस ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ ही मराठी रचना असून तिच्यात क्रियापद अजूनही कर्माशी जुळते. जर्मनमधील जुळणी नाहीशी झाली. पण तेथे एक सीमारेषा राहिली आहे, जी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. ‘पाहिले’, ‘खाल्ले’ यांसाठी जर्मन हाबेन वापरते, तर ‘आला’, ‘गेला’, ‘मेला’ यांसाठी ‘असणे’ (झाइन). ‘त्याने पाहिले’ आणि ‘तो आला’ हा मराठीतील भेद ढोबळमानाने याच रेषेवर पडतो. इंग्रजीतही पूर्वी असाच भेद होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हॅव्हने तो पुसून टाकला.

अतिवापराने शब्द झिजतो. प्राचीन इंग्रजी हॅव्हडेपासून हॅड आणि हॅव्हथपासून हॅथ उरले. हॅज हे रूप उत्तरेकडील बोलीतून आले. जर्मन हाबेनची हाट, हाटे ही रूपे अशीच आखडलेली आहेत आणि स्कँडिनेव्हियन भाषांत तर मूळचे ‘हर’ एवढे एकाक्षरी वर्तमान रूप उरले. इंग्रजी बोलण्यात आय् हॅव्हचे आय्व्ह झाले, तेव्हा मालकीचा अर्थ वाहण्यास तो शेवटचा ‘व्ह’ असमर्थ ठरला आणि त्याच्या मदतीला गॉट आणावे लागले. गेट हे स्कँडिनेव्हियनमधून आलेले क्रियापद पुन्हा ‘पकडणे, मिळवणे’ याच अर्थाचे असून लॅटिन प्रेहेन्देरे (पकडणे) याच्या धातूपासून निघाले आहे. आज बोलभाषेत हॅव्ह गळून नुसते ‘आय् गॉट’ही ऐकू येते. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत हाबेरेचे असेच झाले : ते साहाय्यक म्हणून उरले आणि मालकीसाठी ‘धरणे’ या अर्थाचे तेनेरे पुढे आले, ज्याचा धातू संस्कृत तन् चा सगोत्र आहे. पोर्तुगीजमध्ये तर तेनेरेचा वंशज तेर याने साहाय्यकाचेही काम बहुतांशी आपल्याकडे घेतले आहे. दक्षिण आफ्रिकेत डचपासून बनलेल्या आफ्रिकान्स भाषेत साधा भूतकाळ जवळजवळ संपूर्ण लुप्त झाला असून हेट हे रूप अधिक धातुसाधित एवढ्यावरच भूतकाळाची सर्व जबाबदारी आहे.